अनुभव धागा : खाऱ्या हवेतला ३०-३५ हजारांचा लॅपटॉप

जांभा
आज एका लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात हिरवा थर दिसला आणि कौलांवरच्या जुन्या टीव्ही अँटेना आठवल्या. पांढरी भुकटी धरायची, चित्रात मुंग्या. हवा तीच आहे. बारावीचा निकाल लागला की खरेदी सुरू होईल, म्हणून धागा काढला. माझ्याकडून पहिलं: चार्जिंग टाइप-सीनेही होतं का ते बघा. गोल पिनचा जॅक बोर्डावरच सोल्डर केलेला असेल तर तो गंजल्यावर सगळा बोर्ड उतरवावा लागतो. वायरीवरचा असेल तर काम सोपं.

फणसगरे
हवेचं नंतर, आधी प्रोसेसरच्या नावातली मेख. एएमडीच्या रायझन ३ ७३२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना. ७३३०यू मध्ये तो ३, म्हणजे झेन ३. दहाचा फरक नाही, पिढीचा आहे. शिवाय ७३२०यूची रॅम बोर्डावरच, ८ घेतली की जन्मभर ८. इंटेलच्या आय३-१२१५यूच्या बऱ्याच मॉडेलांत रॅमला एक स्लॉट मिळतो. त्यात पट्टी वाढवून ड्युअल चॅनल (रॅमला दोन वाटा) झालं की ग्राफिक्सलाही दम येतो.

सुरमई तवा
आणि ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली, एसएसडीपेक्षा हळू साठवण) कोणी "एसएसडीच ती" म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या. विंडोज ११ ची किमान अटच ६४ आहे. पुढचा मोठा अपडेट ठेवणार कुठे?

मालवणी खाजा
मेल्यानु, कीबोर्डार सोलकढी सांडली तर काय करूचा, ता सांगा आधी!

जांभा
@खाजा चार्जर ओढ, पॉवर बटण १० सेकंद दाबून धर, मग तंबूसारखा उलटा ठेव. "चालू होता काय" म्हणून बघू नको, बोर्ड त्यातच मरतो. तांदळाच्या डब्यात घालूनही उपयोग नाही. पाणी सुकतं, पण मीठ, आंबट आणि नारळाचा तेलकटपणा तिथेच राहतो. खालचं झाकण खोलून बॅटरीचा कनेक्टर काढायचा आणि ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने बोर्ड धुवायचा.

मालवणी खाजा
म्हणजे कढी ताटातच बरी.

खाडीपल्याड
बिजागरीचा विषय कोणीच काढला नाही? स्वस्तातली पहिली तीच जाते. आत प्लास्टिकच्या खुंटीत पितळी नट बसवलेले असतात. बिजागरी गंजून घट्ट झाली की प्रत्येक उघडझाप त्या नटांना उपटते, मग एके दिवशी कोपऱ्यातून "टक्". झाकण मधोमध धरून उघडा. घट्ट वाटायला लागलं तर बिजागरीचा नट पाव फेरा सैल करून घ्या, तुटायची वाट बघू नका.

बांधावरून
व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून स्टॅबिलायझर घेऊ नका. चार्जर १०० ते २४० व्होल्ट खातो. भीती विजेची. गडगडायला लागलं की चार्जर काढा आणि राउटरची लॅन वायरसुद्धा, ती सगळे विसरतात. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग बघा. मे महिन्यात जमीन सुकते, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता.

सुरमई तवा
आमच्याकडे प्यायला पाणी टँकरने, अर्थिंगला कुठलं 😄

फणसगरे
जुना घेणाऱ्यांसाठी: कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) ४२,००० आणि फुल चार्ज (आता भरते ती) २५,००० mWh दिसली तर बॅटरीचे पैसे किमतीतून वजा. स्क्रीनचं पॅनल टीएन (स्वस्तातला प्रकार) आहे का ते खालून बघा, असेल तर रंग उलटे दिसतात.

खाडीपल्याड
पावसाळ्यात कपाटात बंद ठेवू नका. रोज तासभर चालवा, आतली ऊब दमटपणा काढते. बॅगेत सिलिका जेलची पुडी, दाणे रंग बदलले की मंद तव्यावर परतायचे.

बांधावरून
ऑनसाइट वॉरंटी (दुरुस्तीला माणूस घरी येतो ती) आपल्या पिनकोडला आहे का, हे बिल करायच्या आधी विचारा. लाईट गेली, बाकी उद्या.

मालवणी खाजा
तव्यार परतूचे म्हणजे खोबऱ्यावांगडा?