रे: कोजागिरीची सुरुवात आकाशवाणीच्या धूनने करूया का?

नमस्कार मंडळी,
सध्या आईकडे दादरला आहे, जेट लॅगमुळे पहाटे चारला टक्क जागा, आणि डोक्यात काय तर आकाशवाणीची ती सकाळची धून. यंदा कोजागिरीला तिनेच सुरुवात करूया का? राग शिवरंजनी, खाली तानपुरा, वर व्हायोलिन, वाजवणारे आपल्यातच आहेत. आणि श्रेय बहुतेक जण ज्याला देतात तो वॉल्टर कॉफमन म्हणजे आपल्यासारखाच घर सोडून आलेला, चेक ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये मुंबईत आला, १९३७ पासून इथल्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग बघायचा.

---

अरे आपल्यासारखाच कसा? आपण नोकरीसाठी परदेशात आलो, दर दोन वर्षांनी बॅगा भरून लोणची आणतो. तो हिंदुस्थानी संगीत शिकायला म्हणून मुंबईत आला (आधी रेकॉर्डी ऐकल्या तर काही म्हणजे काही कळेना, मग म्हणाला चूक माझीच असणार, तिथे जाऊनच बघू, हे मला फार आवडतं) आणि मागे युरोपात हिटलर, परत जाणार कुठे? १९३९ च्या मार्चमध्ये तर त्याचा देशच गिळला. मग सप्टेंबरात युद्ध लागलं आणि इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मन लोकांना पकडून आमच्या नगरच्या छावणीत टाकलं, त्यात नाझींपासून पळून आलेले ज्यूसुद्धा! मी नगरचा, पण हे मला साठीत कळलं. कॉफमन चेक, म्हणून सुटला असावा. मेहली मेहतांबरोबर, म्हणजे झुबिनचे वडील, चेंबर म्युझिक वाजवत होता मुंबईत.
धून वाजवा, माझी ना नाही. फक्त निवेदनात 'आपल्यासारखाच' नको.

---

काका, पटलं, काढतो ते वाक्य. तसंही तो १९४६ ला मुंबई सोडून गेला, पुढे कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर, मग इंडियाना युनिव्हर्सिटी, आणि १९६८ ला उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड पुस्तक. परत मायदेशी काही राहायला गेला नाही.
तानपुरा ॲपवर लावला तर चालेल?

---

अजिबात नाही. आमच्या गराजमध्ये खरा आहे, पण खर्जाची तार तुटलीये. दादरलाच आहेस ना, येताना एक सेट घेऊन ये, आणि जवारीचा दोरापण, तारांखाली घालतात तो.