प्लास्तोवचं 'गवतकापणी' पोरांना कसं शिकवावं?

प्रश्न (वणी तालुका): चित्रकलेच्या तासाला रशियन चित्रकार अर्कादी प्लास्तोव घ्यायचाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: भाऊ, त्याच्या गावापासून. जन्म प्रिस्लोनिखाचा, १८९३. १९१७ मध्ये मॉस्कोहून परतला, वावरातही राबला. १९३१ च्या आगीत घरासोबत जवळपास सगळी चित्रं जळाली, म्हणून आधीचं काम फारसं दिसत नाही. 'गवतकापणी' १९४५ चं, युद्ध संपलं त्या वर्षीचं. रांगेत एक पोरगा, एक बाई, दोन म्हातारे. तरणे गडी नाहीत, हे पोरांनाच हेरू द्या.

दुसरं उत्तर: खालची फुलंही दाखवा, पाकळी कोरलेली नाही, जाड रंगाचे फटकारे आहेत. तैलरंगात नक्कल करताना पहिला थर टर्पेंटाइननं पातळ, तेल वरच्या थरांत वाढवा. उलट केलं की भेगा पडतात. घाण्याचं कच्चं जवस तेल नकोच, पिवळं पडतं.