ज्युनिअर इयरला पाच एपी झेपतात का? पुढच्या आठवड्यात फॉर्म द्यायचाय

रानवारा (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. मुलगी आत्ता दहावीत म्हणजे सोफोमोर आहे आणि पुढच्या आठवड्यात ज्युनिअर इयरच्या, म्हणजे अकरावीच्या, कोर्स सिलेक्शनचा फॉर्म द्यायचाय. तिने एपींची, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सची, यादी करून ठेवलीये. एपी केमिस्ट्री, कॅल्क्युलस बीसी, यूएस हिस्टरी म्हणजे सगळे ज्याला एपुश म्हणतात तो, इंग्लिश लँग्वेज आणि कॉम्प्युटर सायन्स ए. एकूण पाच. यावर्षी एकच एपी आहे, वर्ल्ड हिस्टरी, त्यात ए मायनस आहे, पण त्या एका विषयाच्या वाचनात तिचा अख्खा रविवार जातो. त्यात मार्चिंग बँड, म्हणजे ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत संध्याकाळ आणि शनिवार आपला नाहीच, आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी अरंगेत्रम (नाचाचा एकटीचा पहिला मोठा कार्यक्रम) करायचं गुरूंनी ठरवलंय.

नवऱ्याचं म्हणणं, तिला घ्यायचेत तर घेऊ दे, आपण बारावीला काय कमी केलं का. मला ते पटत नाही. आपल्याकडे बारावीला वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा असायची, मधे एखादी चाचणी बिघडली तरी कुणी विचारत नव्हतं. इथे दर आठवड्याची क्विझ, लॅब रिपोर्ट, एसे, ग्रुप प्रोजेक्ट, सगळं ग्रेडमध्ये जातं आणि ती ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या गुणपत्रकावर, कायमची राहते. रात्री दीड वाजता तिच्या खोलीत दिवा दिसला की मला झोप लागत नाही हे खरं सांगते.

मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या प्रत्येकाची मुलं सहा-सात घेतायत म्हणे. काउन्सेलर म्हणाल्या "तिने ठरवावं". पाचाचे तीन केले तर कॉलेजला ते वाईट दिसतं का? आणि एपीच्या मार्कांवर कॉलेजमध्ये तो कोर्स झाल्याचं धरतात, ती क्रेडिट खरंच मिळतात का, की नुसतं म्हणायचं? ज्यांची मुलं यातून गेलीयेत त्यांनी प्लीज मोकळेपणाने लिहा.

कोथरूडकर_डॅलस

ताई, तुम्ही जर्सीत आहात म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडू शकतो, आमच्याकडे टेक्सासमध्ये तो बराचसा रँकच सोडवतो. इथे 1997 च्या कायद्यानुसार हायस्कूलच्या वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलाला सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप ॲडमिशन मिळते, फक्त यूटी ऑस्टिनला ती मर्यादा अजून कडक आहे, आधी सहा टक्के होती आणि 2026 च्या बॅचपासून पाच. रँक निघते वेटेड जीपीएवर, म्हणजे ग्रेडच्या अशा सरासरीवर जिच्यात एपीला जास्त वेट असतं, मग कोण कशाला साधा वर्ग घेईल. आमच्या मुलाने ज्युनिअर इयरला पाचच घेतले होते आणि पार पडले. तो काही जगावेगळा हुशार नाही, पण दुसरी कुठली ॲक्टिव्हिटी फार नव्हती, हेही सांगायला हवं.

क्रेडिटचं म्हणाल तर इथल्या पब्लिक कॉलेजमध्ये साधारण 5 पैकी 3 मार्कांनाही क्रेडिट मिळतं. त्याचं जवळजवळ एक सेमिस्टर वाचलं, आजच्या फीमध्ये ती रक्कम लहान नाही. परीक्षेला शंभर डॉलरच्या आसपास जातात आणि कॉलेजमध्ये तोच कोर्स किती हजारांना पडतो ते बघा. तेव्हा माझं मत, मुलगी स्वतः म्हणतेय तर अडवू नका.

निवडुंग_2

मी रटगर्सला, म्हणजे जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत, सेकंड इयरला आहे, मराठी टाइप करायला वेळ लागतो त्यामुळे चुका समजून घ्या. मी पण मिडल जर्सीतच शिकलो. काकू, तुमच्या मुलीच्या यादीत माझ्या मते जास्त वेळ खाणारे दोन आहेत, केम आणि एपुश. बीसी कठीण आहे पण त्याचा अभ्यास बसून संपवता येतो, वीस गणितं दिली की वीस करायची आणि झोपायचं. एपुशमध्ये संपलं असं कधी होतच नाही, चॅप्टर तीस पानांचा, नोट्स काढायच्या, आणि मग डीबीक्यू म्हणजे सात डॉक्युमेंट्स देतात, कुणाचं भाषण कुणाचं पत्र कधी एखादं कार्टून, ते वाचून तासाभरात एसे लिहायचा, त्यात फक्त माहिती नाही तर हे पत्र कोणी कोणाला का लिहिलं हे पण सांगायचं. मला तो विषय आवडला म्हणून मी टिकलो. माझ्या मित्राने फक्त ट्रान्सक्रिप्टसाठी घेतलेला, त्याचे मार्च महिन्यात खूप हाल झाले, केमच्या टेस्ट पण तेव्हाच यायच्या.

क्रेडिट मिळतात, खरंच मिळतात, पण रटगर्सला 4 किंवा 5 लागतात, 3 चालत नाही. मी बीसीमुळे कॅल्क वन आणि टू दोन्ही सोडून डायरेक्ट पुढे गेलो. त्याचा फायदा पैशांपेक्षा हा झाला की पुढचे कोर्स लवकर मिळाले, सेकंड मेजर बसला. पण हे सगळीकडे सारखं नाही. कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. एमआयटी बीसीच्या 5 ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, पण फिजिक्सचं हवं तर फिजिक्स सी नावाच्या एपीच्या दोन्ही परीक्षांमध्ये 5 लागतात. म्हणून जी कॉलेजेस मनात आहेत त्यांच्या वेबसाइटवर आत्ताच बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक, तिला मेडिकलला जायचं असेल तर केमच्या क्रेडिटवर अवलंबून राहू नका. बऱ्याच मेड स्कूल्सना केमिस्ट्री कॉलेजमध्ये केलेली हवी असते, एपीचं क्रेडिट असलं तरी वरच्या लेव्हलचा कोर्स करायला सांगतात. माझ्या रूममेटने क्रेडिट असून पुन्हा जनरल केम घेतलं.

बे_एरिया_बाबा

कॅलिफोर्नियाची बाजू थोडक्यात. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियावाले जीपीए काढताना दहावी आणि अकरावीचेच विषय धरतात आणि जादा पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देतात, त्यातही दहावीची चारच. वर्षभराचा एक एपी म्हणजे दोन सेमिस्टर. म्हणजे चार एपी झाले की जादा पॉइंट संपले. तुमच्या मुलीचा वर्ल्ड हिस्टरी आणि पुढच्या वर्षी तीन, एवढ्यात ते भरतंय. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना शाळेच्या ऑनर्स कोर्सचा (साध्यापेक्षा वरचा पण एपी नसलेला) जादा पॉइंट मिळत नाही, फक्त एपी आणि आयबी या तशाच दुसऱ्या अभ्यासक्रमाचा मिळतो, तेवढं लक्षात ठेवा. ॲप्लिकेशन वाचणारे एकूण कोर्स किती कठीण होते तेही बघतात, पण पाचवा एपी घेऊन जीपीएचा आकडा वर जाईल म्हणून कोणी घेत असेल तर यूसीपुरतं ते गणित चुकतंय.

खडू_फळा

मी मेरीलँडमध्ये पब्लिक हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते, ऑनर्स आणि एपी दोन्ही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे कॉलेजला काय दिसतं. आम्ही प्रत्येक ॲप्लिकेशनबरोबर शाळेचं प्रोफाइल पाठवतो, त्यात शाळेत किती एपी आहेत ते असतं, आणि काउन्सेलर एका खुणेने सांगतात की या मुलीने आपल्या शाळेत मिळणाऱ्यातले किती कठीण कोर्स घेतले. "सगळ्यात कठीण" ही खूण कुठल्या आकड्याला मिळते ते प्रत्येक शाळेचं वेगळं, आणि हा प्रश्न काउन्सेलरना सरळ विचारता येतो. "तिने ठरवावं" एवढ्यावर त्यांना सोडू नका. आमच्या शाळेत ज्युनिअर इयरला तीन आणि सीनियर इयरला, म्हणजे बारावीला, तीन-चार घेणाऱ्या मुलांना ती खूण बिनदिक्कत मिळते. मंडळात कोणाचे किती, याचा इथे काहीही संबंध नाही.

दुसरं, एपीची परीक्षा आणि एपीचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पालक त्या एकच समजतात. परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैमध्ये. ट्रान्सक्रिप्टवर वर्गाची ग्रेड येते. तुमच्या मुलीच्या ॲप्लिकेशनवर पुढच्या वर्षाच्या परीक्षेचे मार्क लिहिणं बहुतेक कॉलेजांना ऐच्छिकच असतं, पण ग्रेड लपवता येत नाही. पाच एपीमध्ये तीन बी आणि एक सी आणण्यापेक्षा तीन एपीमध्ये ए आणि बाकी ऑनर्स, हे मी दर वेळी आनंदाने रेकमेंड करेन.

आता माझ्या विषयाबद्दल. केमिस्ट्रीला हुशार मुलं अडकतात ती साधारण जानेवारीनंतर, इक्विलिब्रियम आणि ॲसिड-बेसला. तोपर्यंत पाठांतरावर आणि फॉर्म्युल्यांवर निभावतं. मग मी टायट्रेशनचा ग्राफ देते आणि विचारते, वीक ॲसिडमध्ये स्ट्राँग बेस घातला तर इक्विव्हॅलन्स पॉइंटला पीएच 7 च्या वर का? आकडा सगळ्यांचा बरोबर येतो, सगळं टेबल व्यवस्थित मांडलेलं असतं, पण "का" याचं एक वाक्य लिहिता येत नाही. ते वाक्य असं, की तिथे ॲसिड संपलेलं असतं पण त्याचा कॉन्जुगेट बेस उरतो आणि तो पाण्यातून प्रोटॉन ओढून हायड्रॉक्साइड तयार करतो. परीक्षेत मार्क अशा वाक्याला आहेत. हे वाक्य सुचायला शांत डोकं लागतं, आणि रात्री दीडला झोपून सकाळी सातच्या बेलला माझ्या वर्गात बसलेल्या मुलीकडे ते नसतं. मला ते समोरून दिसतं हो. पहिल्या पिरियडला डोळे उघडे असतात पण पेन हलत नाही. शिवाय या कोर्सच्या वर्गातला किमान पाव वेळ लॅबला द्यायचा असतो आणि त्या रिपोर्टांचं काम घरी येतं.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी तिला एक करायला सांगा. केमच्या आणि एपुशच्या शिक्षकांना भेटून एका आठवड्याचा खरा होमवर्क मागायचा, बहुतेक जण देतात, मी तर आवडीने देते. तो घरी घड्याळ लावून करायचा. मग बँडच्या सीझनमधला एक आठवडा कागदावर मांडायचा, प्रवास, जेवण, नाच, झोपेचे आठ तास सगळं धरून, आणि त्यात ते तास बसतात का ते तिचं तिनेच बघायचं. तुम्ही नाही म्हणालात तर भांडण होईल, कागदाशी भांडता येत नाही.

कोथरूडकर साहेब, टेक्सासची रँकची गोष्ट बरोबर आहे, पण जर्सीतल्या बऱ्याच शाळा रँक देतच नाहीत, तिथे तो हिशोब लावू नये.

कोथरूडकर_डॅलस

मॅडम, मान्य. आणि बँड आणि नाच दोन्ही आहे हे मी वाचलं होतं पण त्याचे तास धरले नव्हते. इथल्या बँडवाल्या मुलांचे हाल बघतोच की.

सायली_प्लेन्सबरो

मी जर्सीतूनच लिहितेय. आमच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये 2015 ला यावरूनच केवढा वाद झाला होता. सुपरिंटेंडंटनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद केल्या, होमवर्क नसलेल्या रात्री ठरवल्या. आपल्यातलेच कितीतरी पालक मीटिंगमध्ये उठून म्हणाले की यामुळे मुलं मागे पडतील, आणि कितीतरी जण नंतर पार्किंग लॉटमध्ये हळूच म्हणाले की बरं झालं. मी दुसऱ्यांपैकी होते आणि अजूनही आहे.

आपण इथे आलो ते मार्कांच्या जोरावर, त्यामुळे मार्क कमी पडतील ही भीती आपल्या हाडात आहे, ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण ताई, अरंगेत्रम एकदाच होणार आहे. दोन-अडीच तास एकटीने स्टेजवर उभं राहायचं, त्याची तयारी हे काही साइडचं काम नाही, तो तिचा सहावा कोर्स आहे आणि तिला कॉलेजला एसेमध्ये लिहायला त्याहून मोठं दुसरं काय असणार. तुमच्या जागी मी असते तर कॉम्प्युटर सायन्स सरळ सीनियर इयरला ढकललं असतं. जावा प्रोग्रॅमिंग कुठे पळून जातंय.

रानवारा (न्यू जर्सी)

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. खडू_फळा, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली, टायट्रेशनचा भाग तिने परत वाचायला मागितला, केम घेणारच म्हणाली, आणि त्याबद्दल मला आता काही म्हणायचं नाही. काल दोन्ही शिक्षकांकडून होमवर्क आणला. एपुशच्या एका चॅप्टरला नोट्ससकट पावणेतीन तास लागले आणि तेही तिला कंटाळा आला नव्हता तेव्हा. कागदावर ऑक्टोबरचा आठवडा मांडल्यावर तिने स्वतःच सीएस ए खोडलं. यूएस हिस्टरी ऑनर्स घ्यायची की एपी, यावर आज रात्री बोलणार आहोत, तिला राहू दे असं वाटतंय आणि मला नको असं. बाबा अजून पाचच म्हणतायत पण आवाज कमी झालाय.

एक शेवटचं विचारते. इंग्लिश लँग्वेजचा वर्ग घेतला आणि मे मध्ये चार परीक्षा फार होतायत असं वाटलं तर एक परीक्षा सोडता येते का? वर्गाची ग्रेड जाते का त्यामुळे?

खडू_फळा

कॉलेज बोर्डाच्या, म्हणजे एपी चालवणाऱ्या संस्थेच्या, बाजूने परीक्षा द्यायलाच हवी असं काही नाही, वर्गाची ग्रेड राहते. पण काही शाळा परीक्षा दिली नाही तर एपीचं वेट काढून घेतात, तो शाळेचा नियम असतो, तो लेखी विचारून घ्या. परीक्षेची ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यावी लागते आणि नंतर रद्द केली तर दंड लागतो, त्यामुळे त्याआधी ठरलं तर बरं. माझा सल्ला विचाराल तर लँग्वेजची सोडू नका. तीन एसे आणि एमसीक्यू, त्याला वेगळं पाठांतर नाही, वर्षभर वर्गात लिहिलेलंच कामाला येतं. सोडायचीच वेळ आली तर हिस्टरीची सोडा. आणि वर्ग बदलायची मुदत सप्टेंबरमध्ये किती तारखेपर्यंत असते तेही आत्ताच विचारून ठेवा, बऱ्याच शाळांत ती पहिली मोठी टेस्ट व्हायच्या आत संपते.