भर पावसात, दोघंच, मुक्काम गाडीतच: तुमचे अनुभव लिहा

मैत्रिणीला सांगितलं की आम्ही वॅगनआरमध्ये झोपतो, तेही भर आषाढात, तर तिनं विचारलं घरी भांडण झालंय का. म्हणून हा धागा. अट एवढीच की रिसॉर्ट, होमस्टे, सासूबाईंच्या मामेबहिणीचा बंगला चालणार नाही, गाडीतच झोपलेलं हवं आणि बाहेर पाऊस हवा. भांडणं झाली असतील तर तीही लिहा, उलट तीच आधी लिहा.

सुरुवात मी करते. नाशिकहून घोटी, मग बारीवरून शेंडी, म्हणजे भंडारदरा. धरणाला वळसा घालून रस्ता जातो, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि फिरून परत शेंडी. हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे हिरवळ दिसली की घाल गाडी असं करता येत नाही. आम्ही रतनवाडीत एकांच्या अंगणात विचारून लावतो, रात्रीचे पैसे देतो, जेवणही त्यांच्याचकडे, चुलीवरची नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा. सकाळी अमृतेश्वराच्या देवळात, तोवर फोनला रेंज नाही हे दोघंही विसरलेलो असतो.

रात्री पाऊस टपावर असा वाजतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही (काही वेळा बरंच असतं ते), पण खरा त्रास पावसाचा नाहीच, आपल्या श्वासाचा आहे. सगळ्या काचा लावून झोपलात तर पहाटेपर्यंत काचांवर आतून ओघळ, पांघरूण दमट, उशी दमट, आणि नवऱ्याचं एकच म्हणणं, गाडी गळतेय. गाडी गळत नव्हती हो, आपणच गळत होतो! आता दारांना व्हायझर बसवलेत, त्यांच्या आडून समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली, बाहेरून मच्छरदाणीची जाळी. ओले कपडे, बूट, छत्री यातलं काहीही आत येत नाही, सगळं बादलीत, बादली ताडपत्रीखाली. मागची सीट पाडली की पुढच्या सीटमागे खड्डा राहतो तिथे कपड्यांच्या बॅगा बसतात, वर गादी. माझी उंची पाच फूट एक, मी सरळ झोपते. तो तिरका झोपतो, म्हणजे मी कोपऱ्यात झोपते.

*

आमचा मुक्काम हौसेचा नव्हता, चालेल का?

2019, ऑगस्ट. मी नि मिसेस पुण्याहून कोल्हापूरला घरी निघालो होतो. कऱ्हाडच्या अलीकडं गाड्या थांबवल्या, पुढं शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलेलं. आमच्याकडं राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं, पण हे सगळं नंतर कळलं, त्या वेळी वाटलं दोन तासात सोडतील. कसलं सोडतात. दोन्ही बाजूला ट्रक, दुधाचे टँकर, भाजीचे टेम्पो, आणि पाऊस काय थांबायचं नाव घेईना. आमची स्विफ्ट, त्यात मागं सामान, मग पुढच्याच सीट आडव्या करून झोपायचं आणि मधी हँडब्रेक. साताऱ्यात घरच्यांसाठी घेतलेले कंदी पेढे होते तेवढंच खायला, संपले. रात्री उशिरा शेजारच्या गावातली पोरं टेम्पोतनं आमटी-भात घेऊन आली, आधी ट्रकवाल्यांना वाढलं, मग आम्हाला, पैसे घ्यायला तयार नाहीत. मिसेसचा भाऊ तिकडं कोल्हापुरात पाण्यात, फोन लागेना, ती रात्रभर जागी. मी आपला उगंच विषय काढत बसलो, लग्नात कोण कसं जेवलं, कुणाच्या म्हशीनं काय केलं. पहाटे फोन लागला, सगळे एका शाळेत सुखरूप, मग ती जी झोपली ती अकराला उठली. दुपारी मागं फिरून साताऱ्याला मावशीकडं. हायवे पुढं कितीतरी दिवस बंद होता.

मिसेस अजून म्हणते, तेव्हा रात्रभर एकदाही चिडला नाहीस आणि घरी आमटीत मीठ कमी पडलं तर चिडतोस.

*

कोल्हापूरकर, पेढ्यांबद्दल सहानुभूती.

पण सगळ्यांसाठी एक लिहितो, माझं गॅरेज आहे म्हणून. एसी लागतो म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गाडी भिंतीला टेकवून लावली असेल किंवा सायलेन्सरचं तोंड चिखलात गेलं असेल तर तो आत येतो आणि माणूस झोपेतच जातो, कळतसुद्धा नाही. गाडीच्या आत गॅसची छोटी शेगडी पेटवणं तेच. चहा बाहेर, डिकीचं दार वर करून त्याच्या आडोशाला. दुसरं, एक छोटी हातोडी झोपताना हाताशी. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिमी पाऊस झाला तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गेली, दारं उघडली नाहीत. काच फोडायची तर बाजूची, आणि तीही कोपऱ्यात मारून, बहुतेक गाड्यांत ती एका ठोक्यात बारीक चुरा होते. पुढची काच दोन थरांत पडदा घालून केलेली असते, ती तडकते पण सोडत नाही, तिच्यावर दम घालवू नका. आणि घाटात कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावून झोपणाऱ्यांना मी काय बोलू.

महाडजवळचा सावित्री नदीचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला तेव्हा दोन एसट्या अंधारातच पाण्यात गेल्या, पुढे रस्ता आहे की नाही हे दिसलंच नसणार. म्हणून पावसाळ्यात मुक्काम उजेडातच गाठायचा, हा आमच्या घरातला नियम, बायकोनं केलेला, आणि बरोबर आहे.

*

एवढं करण्यापेक्षा हजार रुपयांत खोली मिळते की. गरम पाणी, सुकी चादर. प्रामाणिक शंका आहे, खवचटपणा नाही.

*

मिळते ना, शनिवारी सोडून.

*

सगळे गादीबद्दल लिहितायत, बायकांचं कुणी लिहीत नाही म्हणून मी. आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, आंबा घाट, अणुस्कुरा, गगनबावडा ही आमची पावसाळी वारी, गाडी इको, मागच्या सीट काढून टाकल्यात. रात्री दोन वाजता, धो धो पावसात, मिट्ट काळोखात, बाईनं कुठे जायचं? नवरा म्हणतो छत्री घे. छत्री एका हातात, टॉर्च दुसऱ्या, मग कपडे कुणी सांभाळायचे? त्यावर त्याचं म्हणणं, मी टॉर्च धरतो. तो धरतोही बिचारा, पाठ करून उभा राहतो आणि मोठ्यानं भजन म्हणतो, कारण त्याला वाटतं मला भीती वाटते. मला त्याच्या आवाजाची जास्त वाटते.

तर उपाय. मुक्कामाची जागा मी निवडते, तो नाही. मोठा पेट्रोल पंप जिथे रात्रभर माणूस असतो, आधी शौचालय बघून यायचं आणि मगच गाडी लावायची. नाहीतर एखादं देवस्थान, गुरवांना विचारून सभामंडपाच्या कडेला, कोकणात सहसा नाही म्हणत नाहीत, पाणी आणि संडास दोन्ही असतात. उभ्यानं वापरायचं ते नरसाळं ऑनलाइन मिळतं, लाजू नका, घ्या. पाळी त्याच तारखांना आली तर मी सरळ ट्रिप पुढे ढकलते, हौसेला काय, पाऊस सप्टेंबरपर्यंत आहे.

*

आम्ही न्यूझीलंडला, मी ठाण्याची, नवरा अकोल्याचा, त्यामुळे पावसाबद्दल त्याची मतं वेगळी आहेत. साउथ आयलंडचा पश्चिम किनारा म्हणजे आपला कोकणच समजा, डोंगर आडवे, ढग येऊन आदळतात. मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्टेशन वॅगन घेऊन गेलो. इथे गाडीत संडास बसवलेला आणि तसं प्रमाणपत्र असलेला नसेल तर वाटेल तिथे झोपता येत नाही, दंड बसतो, त्यामुळे आम्ही सरकारी साध्या कॅम्पसाइटवर, पैसे पेटीत टाकायचे, संडास खड्ड्याचा.

होमर टनेलशी सिग्नलला थांबलो, सव्वा किलोमीटरचा बोगदा, त्यातून आळीपाळीनं सोडतात. तिथे किआ नावाचे मोठे हिरवे पोपट गाडीवर येऊन बसले आणि एकानं वायपरचं रबर उपटायला घेतलं. नवरा आतून हॉर्न वाजवतोय, पोपट ढिम्म. भर पावसात वायपर नसेल तर काय, म्हणून मी उतरून हुसकावले, भिजून चिंब, तर नवरा म्हणतो आता आत नको येऊस, गादी ओली होईल! खरंच म्हणाला. बोगद्याच्या पलीकडे उतरलो आणि सगळे कडे पांढरे झालेले, जिथे बघाल तिथे धबधबा, कोरड्या दिवशी यातले बरेचसे नसतातच. पाचेक मिनिटं मी त्याच्याशी बोलले नव्हते, पण मग "अगं ते बघ, ते बघ" किती वेळ एकट्यानं म्हणणार माणूस, मीही म्हणायला लागले.

पाऊस थांबला की सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, पडत असला तर कमी. म्हणून आम्ही पडत राहू दे म्हणतो.

*

सगळ्यांना धन्यवाद, हातोडी आज आणली. भजनवाले काका ग्रेट.

दोघातिघांनी जाळीबद्दल विचारलंय. मच्छरदाणीचं कापड मीटरवर घ्या, चारही दारांना लावायचं तर जरा जास्तच घ्या. दाराच्या मापापेक्षा वीतभर मोठं कापायचं, वरची कड दारात दाबून दार लावायचं आणि खाली-बाजूला लोहचुंबक शिवून घ्यायचे, पत्र्याला चिकटतात. फ्रिजवरचे शोभेचे चुंबक वापरू नका, वाऱ्यानं सुटतात, आमचे ताजमहाल आणि तिरुपती दोन्ही घाटघरच्या रस्त्यात कुठेतरी पडलेत.