रुमी मस्तकी, लेंटिस्क आणि अँटिऑक्सिडंट: मराठीत काय लिहावं?

प्रश्न
भूमध्य समुद्राकाठी रानोमाळ वाढणाऱ्या पिस्टाशिया लेंटिस्कस या झुडपावर मराठीत लिहिते आहे. विषय त्याच्या पानाफळांतली अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगं. काष्ठौषधीच्या दुकानात याचा डिंक ‘रुमी मस्तकी’ नावाने मिळतो, मग झुडपालाही तेच म्हणावं का? दुसरं, अँटिऑक्सिडंटला ‘प्रतिऑक्सिडीकारक’ लिहिलं की वाक्याचा श्वासच अडकतो. आणि एक फुकटची शंका: मस्तकीचा मस्तकाशी काही संबंध?

प्रतिसाद
मस्तकाशी काडीचाही संबंध नाही, असला तर दातांशी. मूळ ग्रीक ‘मास्तिखे’, चावण्याच्या क्रियापदाशी नातं असलेला शब्द. तो अरबीत ‘मस्तका’ झाला, उर्दूत ‘मस्तगी’. आपल्याकडे मस्तगी आणि मस्तकी दोन्ही चालतात. मस्तक ओळखीचं म्हणून जीभ तिकडे वळली असावी. रुमी म्हणजे रूम देशची. रूम म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य आणि पुढे तोच तुर्कांचा मुलूख.

झुडपाला मात्र हे नाव देऊ नका. रुमी मस्तकी हा डिंक आहे आणि तो येतो ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांतून, तेही जोपासलेल्या झाडांना उन्हाळ्यात चिरा पाडून. तुर्की भाषेत या बेटाचं नावच ‘साकिझ’, म्हणजे डिंक. या लागवडीच्या कसबाला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. तुमचा विषय मोरोक्कोपासून तुर्कस्तानपर्यंत आपोआप उगवणाऱ्या झुडपाची पानं नि फळं हा आहे. वाचकाने ‘रुमी मस्तकीची पानं’ वाचलं तर तो डिंकाचे गुण पानांना चिकटवून मोकळा होईल. सरळ ‘लेंटिस्क’ लिहा आणि एकदा सांगून टाका की हे पिस्त्याचं रानटी भावंड, आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातलं.

प्रतिसाद
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शाळेच्या पुस्तकात ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकलेल्याला प्रतिऑक्सिडीकारक कळतो, पण बोलताना कोणी वापरत नाही. वेफर्सच्या पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट ३१९’ असतं, त्याचं काम तेल खवट होऊ न देणं. मग ‘खवटरोधक’ काय वाईट?

प्रतिसाद
तेलापुरता झकास. पण लेंटिस्कच्या पानांवरच्या प्रयोगांत बहुतेक वेळा तेल नसतंच. पानांचा अर्क डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात घालतात. डीपीपीएच हा मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू. अर्काने त्याला निष्प्रभ केलं की जांभळा रंग उतरून पिवळट होतो, आणि किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. इथे खवट काय होणार?

माझं मत असं की अँटिऑक्सिडंट हे पदार्थाचं नाव नाही, कामाचं आहे. म्हणून शक्य तिथे पदार्थाचं नाव लिहा. लेंटिस्कच्या पानांत गॅलिक आम्ल आणि ते क्विनिक आम्लाला जोडून झालेली संयुगं असतात. शिवाय मायरिसेटिन आणि क्वेर्सेटिन ही फ्लेव्होनॉल नावाच्या वनस्पतिजन्य गटातली संयुगं, साखरेला जोडलेल्या रूपात. ‘गॅलिक’ हे नाव पडलं ओकच्या झाडावरच्या गाठींवरून, म्हणजे आपल्या बाळगुटीतल्या मायफळावरून. पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, म्हणून ती कातडी कमावायलाही वापरली गेली. आपल्याकडे हिरडा वापरतात तसंच. इथे ‘तुरट’ हा शब्द हाताशी ठेवा, वाचकाला पानाची चव तरी कळेल.

फळांचं प्रकरण वेगळं. ती आधी लाल, पिकल्यावर काळी. त्या रंगात अँथोसायनिनं ही लाल-जांभळी रंगद्रव्यं असतात. फळांचं तेल काढतात, ट्युनिशिया-अल्जीरियात आणि सार्डिनियात ते जुन्या वापरातलं. त्यात ई जीवनसत्त्वाच्या कुळातली टोकोफेरॉलं. तुमचा खवटरोधक इथे चपखल बसतो, हे मान्य!

प्रश्नकर्ती
म्हणजे असं चालेल? ‘लेंटिस्कच्या पानांत गॅलिक आम्लाची संयुगं असल्याने ती रोगप्रतिकारक आहेत.’

प्रतिसाद
नाही हो ताई! द्रावणाचा रंग उतरला एवढ्यावरून रोग कसा हटेल? परीक्षानळीत दिसलेला गुण शरीरात तसाच दिसेल असं नसतं. ही संयुगं आतड्यातून किती शोषली जातात आणि पुढे त्यांचं काय होतं, हा निराळा हिशेब. ‘पानांच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता’ एवढंच लिहा. लिप्यंतर खटकत नाही, वैद्यकीय आश्वासन खटकतं. आणि ‘पानांत’ नि ‘पानांच्या अर्कात’ यातही फरक ठेवा. पाण्यात काढलेला अर्क वेगळा, मद्यार्कातला वेगळा.

प्रतिसाद
एक पुरवणी. इंग्रजीत या फळांना सर्रास बेरी म्हणतात, म्हणून मराठीत ‘बोरं’ करू नका. बोर हे वेगळंच फळ. आणि वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने ही बेरीही नव्हे: आत आठळी आहे, शास्त्रातला शब्द ‘अश्मगर्भी फळ’. वाटाण्याहून मोठं नसतं. नर आणि मादी झुडपं वेगळी, त्यामुळे ‘प्रत्येक झुडपाला फळं लागतात’ असं वाक्य कुठे असेल तर तेही काढा.