विलीज सीजे-३बी: बटन दाबलं तर हॉर्न दबका, स्टिअरिंग डावीकडे वळवलं की आपोआप वाजतो

चिखलवाट
नमस्कार मंडळी. गाडी विलीज सीजे-३बी, म्हणजे जुनी जीप, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा मायनस चासीला जोडलेला). चासीपासून सगळं काम नुकतंच उरकलंय, चासीला पावडर कोटिंग, बॉडीला नवीन रंग, इंजिन मस्त चालतंय, लाइट सगळे लागतात, अडलंय ते फक्त हॉर्नवर. त्रास दोन आहेत आणि दोघांचं मूळ एकच आहे की वेगवेगळं तेच कळेना. पहिला म्हणजे स्टिअरिंगचं मधलं बटन दाबलं की हॉर्न वाजतो पण एकदम दबका, घसा बसल्यासारखा, कधी नुसतं टक् होतं आणि गप्प. दुसरा म्हणजे स्टिअरिंग डावीकडे साधारण पाव फेरा फिरवलं की बटनाला हातही न लावता स्वतःहून वाजायला लागतो, अजून थोडं पुढे फिरवलं की बंद.

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाहीये. हॉर्नला दोन टर्मिनल, एकावर कायम प्लस येतो, दुसऱ्यावरून वायर निघून स्टिअरिंग कॉलमच्या नळीवर जो ब्रश आहे तिथे जाते. हॉर्न काढून थेट बॅटरीवर लावून बघितला, चांगला वाजतो.

एक मित्र म्हणतोय की त्या कॉलमच्या भानगडीत पडूच नको, डॅशबोर्डला वेगळं पुश बटन लाव आणि मोकळा हो. पण मला ते नकोय, गाडी जशी बनली तशीच चालावी, हॉर्न स्टिअरिंगच्या मधल्या बटनावरच वाजावा. सुरुवात कुठून करू?

तांब्याची_तार
मित्राचं ऐकलं नाहीत ते बरं केलंत. डॅशला बटन लावलं तरी कॉलममधली वायर तिथेच राहणार आणि डावीकडे वळताना हॉर्न वाजतच राहणार, ती वायर तोडून टाकली तर गोष्ट वेगळी, पण मग मूळ बटन कायमचं मेलं.

तुम्ही लिहिलंय ते वाचून एक प्रश्न. डावीकडे वळवल्यावर जो आपोआप वाजतो तो पण दबकाच वाजतो का मोठ्याने वाजतो? याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

नवखा_जीपवाला
मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्याकडे पण जुनी जीप आहे आणि मला हे कधीच कळलं नाही की बटनाला प्लस का येत नाही? लाइटच्या स्विचला तर प्लस येतो ना. मग हॉर्नला उलटं का?

तांब्याची_तार
@नवखा_जीपवाला लाइटच्या स्विचला प्लस येतो आणि तिथून पुढे बल्बला जातो, बल्बचा अर्थ बॉडीतून परत. हॉर्नमध्ये प्लस थेट हॉर्नलाच दिलेला असतो आणि बटन काय करतं तर हॉर्नची दुसरी वायर अर्थला टेकवतं, बास. असं करायचं कारण स्टिअरिंग फिरतं. फिरणाऱ्या भागात वायर न्यायची तर एक पितळी रिंग आणि त्यावर घासणारा ब्रश लागतो, येणारी जाणारी अशा दोन वायर नेल्या तर दोन रिंगा दोन ब्रश लागले असते. त्यापेक्षा परतीचा रस्ता म्हणून स्टिअरिंगचा दांडाच वापरला, तो लोखंडाचाच आहे. दांड्याच्या पोकळीतून एकच वायर वर बटनापर्यंत जाते, बटन दाबलं की वायरचं टोक दांड्याला टेकतं आणि तिथून करंट चासीत जातो. दुसरा फायदा म्हणजे कॉलममध्ये वायर सोलली गेली तर हॉर्न वाजत राहील पण आग लागणार नाही, कारण त्या वायरमधला करंट आधी हॉर्नच्या कॉइलमधून आलेला असतो.

पण यातच सगळी गोम आहे. दांडा चासीला नीट अर्थ होत नसेल तर बटन कितीही चांगलं असू दे, हॉर्न रडतच वाजणार. आणि पावडर कोटिंग हा शब्द वाचला तेव्हाच मला तिकडे संशय आला. कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकच, ते करंट जाऊ देत नाही. रिस्टोर करून नव्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांना इलेक्ट्रिकचे जेवढे विचित्र आजार होतात ना, त्यातले पुष्कळसे याच रंगाखाली सापडतात.

चिखलवाट
@तांब्याची_तार आत्ताच जाऊन बघितलं. आपोआप वाजतो तेव्हा खणखणीत वाजतो! बॅटरीवर थेट लावला होता तसाच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तांब्याची_तार
झालं तर मग. म्हणजे हॉर्न चांगला, प्लसची वायर चांगली, हॉर्नपासून ब्रशपर्यंतची वायर पण चांगली, कारण आपोआप वाजताना हे सगळं वापरात आहेच. त्या वेळी वायर कुठेतरी कॉलमच्या बाहेरच्या नळीला टेकतेय आणि नळीला अर्थ चांगला आहे म्हणून मोठा आवाज. बटन दाबल्यावर मात्र तोच करंट दांड्यातून जातो आणि तिथे रस्ता खराब आहे म्हणून दबका.

आता अंदाजाने काही खोलू नका, आधी मोजा. हॉर्न चालू असताना डिजिटल मीटरचे आकडे नाचतात कारण आतले पॉइंट सतत उघडझाप करत असतात, म्हणून हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा आणि त्यांच्यामध्ये हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब लावा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, हॉर्न पण साधारण तेवढाच घेतो, आणि बल्बवर आकडा स्थिर मिळतो. मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनस पोस्टवर ठेवा, चासीवर नको. मग कोणालातरी बटन दाबून धरायला सांगा आणि लाल टोक एकेक जागी लावत जा, बल्बची परतीची (ब्रशकडे जाणारी) बाजू, स्टिअरिंगच्या मधला नट, स्टिअरिंग बॉक्सची बॉडी, बॉक्सच्या शेजारची चासी, कॉलमची नळी. नीट असेल तर सगळीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. जिथे आकडा एकदम खाली पडतो त्याच्या अलीकडचा जॉइंट खराब. आणि ओहमवर मोजू नका, मीटर ओहमला इतका किरकोळ करंट सोडतो की खराब जॉइंट पण चांगला दिसतो, लोड टाकल्याशिवाय खरं कळत नाही.

फोरबायफोर_फक्त
एवढी यातायात कशाला, सरळ रिले टाका. रिलेच्या टर्मिनलवर नंबर असतात, त्यातल्या ३० ला फ्यूजमधून प्लस, ८७ हॉर्नला, हॉर्नचं दुसरं टर्मिनल चासीला, ८६ ला तोच प्लस आणि ८५ ब्रशच्या वायरला. रिलेची कॉइल फार तर ०.२ अँपिअर घेते, एवढ्याशा करंटला दांड्याचा खराब अर्थ पण चालून जातो. बटनाचे कॉन्टॅक्ट पण जळत नाहीत. मी माझ्या गाडीला असंच केलंय आणि छान चाललंय.

तांब्याची_तार
रिलेला माझा विरोध नाही, जोडणी पण बरोबर सांगितलीये. पण आत्ता रिले टाकला तर दबका आवाज जाईल आणि खराब अर्थ तसाच लपून राहील, गंज वाढत जाईल आणि पुढे एक दिवस रिले पण खेचणार नाही. आणि दुसरा त्रास तर रिलेने अजिबात जात नाही. वायर नळीला टेकली की रिले ओढणार आणि हॉर्न वाजणारच. आधी मूळ दुखणं काढू, मग हवा तर रिले लावा, दोन हॉर्न लावणार असाल तर जरूर लावा.

चिखलवाट
मोजलं. बटन दाबून धरल्यावर बल्बच्या परतीच्या बाजूला ३.९ व्होल्ट, स्टिअरिंगच्या नटवर ३.६, स्टिअरिंग बॉक्सच्या बॉडीवर ३.४, आणि बॉक्सच्या अगदी बाजूला चासीवर थोडं कोटिंग खरवडून लावलं तर जवळपास शून्य! कॉलमच्या नळीवर पण शून्यच, नळी डॅशच्या ब्रॅकेटला बोल्टने आवळलीय तिथून तिला अर्थ मिळतोय असं दिसतंय. म्हणजे बॉक्स चासीला बोल्टने आवळलेला असून पण अर्थ नाही? बोल्ट सगळे घट्ट आहेत.

तांब्याची_तार
बोल्ट घट्ट असून उपयोग नाही, चासीला कोटिंग, बॉक्सला रंग, बोल्टच्या डोक्याखाली पण रंगच. जो काही थोडा करंट जातोय तो आट्यांमधून जातोय. एका बोल्टखाली चासी आणि बॉक्स दोन्हीकडे नाण्याएवढी जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका आणि बॉक्सपासून चासीपर्यंत एक छोटी विणलेली तांब्याची पट्टी पण द्या. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा म्हणजे गंज धरणार नाही. ३.४ व्होल्ट तिथेच खर्च होतायत, ते परत मिळतील. उरलेल्या अर्ध्या व्होल्टमध्ये बटन, ब्रश वगैरे आलं, ते साफ करायला लागेल पण ते किरकोळ आहे.

एक गोष्ट मात्र खटकतेय. दांड्याला वरच्या बाजूला बेअरिंग असतं, त्यातून दांडा नळीला अर्थ व्हायला हवा होता. नळीवर शून्य आणि नटवर ३.६ म्हणजे वरच्या बेअरिंगमधून करंट जातच नाहीये.

सोल्डर_आणि_स्लीव्ह
@चिखलवाट ते वरचं बेअरिंगच बघा आधी, मला वाटतं तुमच्या दुसऱ्या त्रासाचं उत्तर पण तिथेच आहे. मी या कॉलमचं काम केलंय म्हणून सांगते. वायर दांड्याच्या पोकळीतून जाते, एका भोकातून बाहेर येते आणि पितळी रिंगला सोल्डर केलेली असते, रिंग दांड्यावर इन्सुलेशन ठेवून बसवलेली. म्हणजे वायर, सोल्डरचा डाग आणि रिंग हे सगळं दांड्याबरोबर फिरतं, नळी जागच्या जागी. आता वरचं बेअरिंग झिजलं असेल तर दांडा नळीच्या मधोमध न राहता एका बाजूला कलतो, आणि सोल्डरचा डाग जाडजूड असेल तर फिरताना एका ठराविक जागी तो नळीला आतून घासतो. तुमचा हॉर्न नेमका पाव फेऱ्यावरच वाजतो आणि पुढे गेलं की थांबतो, ते अगदी याला धरून आहे. वायर आतल्या आत दांड्याला टेकत असती तर स्टिअरिंग कुठेही असताना वाजला असता, आणि दबका वाजला असता.

खात्री करायची असेल तर सोपं आहे. ज्या जागी वाजतो तिथे स्टिअरिंग धरा आणि न फिरवता नुसतं वर उचला, खाली दाबा. हॉर्न चालू बंद झाला तर बेअरिंगच.

खोलताना बॅटरीचा मायनस काढून ठेवा. चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग आणि दांडा दोन्हीवर मिळून एक खूण करा म्हणजे परत बसवताना तिरकं बसणार नाही. स्टिअरिंग पुलरनेच काढा, दांड्याच्या टोकावर हातोडी मारू नका, तो मार थेट खाली बॉक्समधल्या वर्म (दांड्याच्या टोकाचा स्क्रूसारखा गिअर) आणि बेअरिंगना बसतो. आणि जुनी वायर ओढून काढायच्या आधी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधा, वायर निघेल तसा दोरा आत जाईल आणि नवी वायर त्याच दोऱ्याने ओढून घेता येईल. हे केलं नाही तर त्या बारीक भोकातून नवी वायर काढताना जीव जातो.

चिखलवाट
@सोल्डर_आणि_स्लीव्ह स्टिअरिंग उचललं, बंद. सोडलं, चालू. अगदी तुम्ही म्हणालात तसंच. खोलतो आता.

चिखलवाट
खोललं. वरच्या जागी मूळ बेअरिंग नाहीच, आधी कोणीतरी नायलॉनचं बुश करून ठोकलंय आणि ते एका बाजूने इतकं झिजलंय की दांडा हाताने हलतो. नायलॉन म्हणून वरून अर्थ नाही, झिजलं म्हणून डाग नळीला घासतोय, आणि खाली पावडर कोटिंग म्हणून तिथून पण अर्थ नाही. नळीच्या आत टॉर्च मारून बघितलं तर जिथे डाग घासत होता तिथे रंग जाऊन बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी एक चकाकती रेघ पडलीय. भोकातून जिथे वायर बाहेर येते तिथलं कापडी इन्सुलेशन पण चुरा झालंय, अजून शॉर्ट झालं नव्हतं एवढंच.

आता लोखंडी बेअरिंग बसवतोय, वायर नवीन टाकतोय. डाग किती बारीक ठेवू? आणि रिंग कशाने घासू, एमरी चालेल का?

सोल्डर_आणि_स्लीव्ह
एमरी नको, तिचे कण पितळेत रुततात आणि मग ब्रश खातात. बारीक काचपेपर घ्या, ६०० च्या आसपासचा, रिंग फिरवत फिरवत घासा म्हणजे आडव्या रेघा पडणार नाहीत, नंतर कापडाने स्वच्छ पुसा. ब्रशच्या स्प्रिंगमध्ये दम आहे का बघा, ब्रश रिंगच्या मधोमध बसतोय का तेही बघा, कडेवर चालत असेल तर रिंग सरकलीय.

वायरचं टोक पिळून आधी वेगळी कल्हई (सोल्डरचा पातळ थर) करून घ्या, मग रिंगला आडवी चिकटवा, उभी नको. डाग चपटा झाला पाहिजे, टोक वर आलं असेल तर कानशीने उतरवा. भोकाच्या कडा गोल कानशीने मोडा आणि तिथून जाणाऱ्या वायरवर हीट श्रिंक स्लीव्ह दोन थर चढवा, कारण ती जागा परत कधी बघायला मिळणार नाही. वायर मल्टिस्ट्रँड घ्या, रिले न लावता वापरणार असाल तर १.५ स्क्वेअर एमएमच्या खाली जाऊ नका.

चिखलवाट
झालं मंडळी! नवीन बेअरिंग, नवीन वायर, बॉक्सला तांब्याची पट्टी, ब्रश आणि बटन साफ. परत बल्ब लावून मोजलं तर परतीच्या बाजूला ०.३ व्होल्ट, कुठे ३.९ आणि कुठे हे. हॉर्न खणखणीत वाजतोय, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, एकदाही आपोआप वाजला नाही. शिवाय स्टिअरिंगमधला जो ढिलेपणा मी बॉक्सच्या माथी मारत होतो तोही बराच कमी झालाय. @तांब्याची_तार @सोल्डर_आणि_स्लीव्ह मनापासून आभार. आवाज थोडा चिरका वाटतोय, मागच्या स्क्रूने बदलता येतो ना?

तांब्याची_तार
येतो. लॉकनट असेल तर तो सैल करा आणि स्क्रू एका वेळी अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा, मग एक छोटा टोला वाजवून ऐका. सलग दाबून धरू नका, कॉइल तापते. आवाज भरला की थांबा आणि लॉकनट आवळा.

आणि हॉर्नच्या प्लस वायरला फ्यूज आहे का ते बघा. या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा नसतो आणि ती वायर चावी बंद असताना पण जिवंत असते. मघाशी कॉलमच्या वायरने आग लागत नाही म्हणालो ते हॉर्नच्या पुढच्या वायरबद्दल, हॉर्नच्या अलीकडची वायर चासीला टेकली तर सरळ बॅटरी शॉर्ट. १५ अँपिअरचा इनलाइन फ्यूज टाका, आणि तो हॉर्नजवळ नाही, जिथून प्लस घेतलाय त्याच्या जितका जवळ टाकता येईल तितका.

चिखलवाट
नाहीये फ्यूज. वायर अँमीटरच्या मागून थेट निघालीय. उद्या तिथेच टाकतो.