ब्लू बॉटलचा दंश: सोनोग्राफीत सुजेचं माप जुळत नाही

सोनो_शिकाऊ:
पावसाळ्यात जुहू-गिरगावला ब्लू बॉटल (जेलीफिशसारखा निळा समुद्री जीव) लागलेले पेशंट येतात. १८ मेगाहर्ट्झची लिनिअर प्रोब (सोनोग्राफीची कातडीवर फिरवायची सपाट दांडी) आहे. वळाखालची सूज मोजतो, पण एकाच जागची दोन मापं जुळत नाहीत. कुठे चुकतंय? आणि कातडीत राहिलेल्या दंशपेशी (तंतूंवरच्या, विष टोचणाऱ्या सूक्ष्म पेशी) दिसतील का?

त्वचा_रेडिओ:
बहुतेक प्रोब दाबली जातेय. सुजेतलं पाणी दाबाने बाजूला सरकतं आणि डर्मिस (कातडीचा आतला थर) पातळ दिसते. करंगळी पेशंटच्या अंगावर टेकवा, प्रोब जेलवर तरंगती ठेवा. प्रोब आणि कातडीमध्ये ३-४ मिमी जेलचा काळा पट्टा सतत दिसायला हवा. तो गेला की ते माप रद्द. केसाळ पायावर जेलमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांची सावली पडते.

प्रोब वळाला आडवी, कातडीला काटकोनात. माप वरच्या पांढऱ्या रेषेपासून डर्मिस-चरबीच्या सीमेपर्यंत, तीनदा घेऊन सरासरी. गेन (चित्राचा उजळपणा) आणि फोकस (चित्र कोणत्या खोलीवर स्पष्ट) लिहून ठेवा, पुढच्या भेटीत तेच. दुसऱ्या पायावरची तीच जागाही मोजा. उन्हात वावरलेल्या वयस्कर कातडीत एपिडर्मिसखाली (सगळ्यात वरच्या थराखाली) काळपट पट्टा मुळातच असतो, तो सूज म्हणून खपतो.

किनारा_ओपीडी:
दंशपेशी दिसणार नाहीत. २० मेगाहर्ट्झलाही तरंगलांबी साधारण ०.०८ मिमी, त्या याहून बारीक.

जेल लावण्याआधी ब्लू बॉटलचे तंतू निघालेत का ते बघा. न फुटलेल्या पेशी चोळल्याने फुटतात. हातमोजे घालून चिमट्याने तंतू काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा, स्पिरिट नको. मग सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं. उपचार आधी, सोनोग्राफी नंतर. मात्र शेकल्याबरोबर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) लावलात तर सगळीकडे लालेलाल दिसेल, कातडी निवू द्या.

सोनो_शिकाऊ:
आठवड्याने वळ पुन्हा उठले, खाजही आहे. चरबीत दगडी फरसबंदीसारखं चित्र. सेल्युलायटिस (कातडी आणि खालच्या चरबीचा जंतुसंसर्ग) म्हणू?

त्वचा_रेडिओ:
एवढ्यावरून नाही. ते चित्र नुसत्या सुजेतही येतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी उशिराची अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया उठते, त्यातही डर्मिस जाड आणि रक्तप्रवाह वाढलेला असतो. ताप, पसरणारी लाली, दुखरेपणा बघा. पूचा खड्डा असेल तर हलकं दाबल्यावर आतलं द्रव हलतं, डॉपलरला मध्ये प्रवाह नसतो. डॉपलरचं पीआरएफ (वेगाची मोजपट्टी) आणि वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळून टाकणारी चाळणी) कमीत कमी ठेवा, नाहीतर बारीक रक्तवाहिन्या सुटतात. फोड फुटलेले असतील तर निर्जंतुक जेल आणि प्रोबला कव्हर.